झांजांचा एकच ठोका

श्टायर, ४ फेब्रुवारी १९७४

ती. ऑटिलीताईस एंगलबर्टचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत, मी सोडून. आमचा गावचा हौशी वाद्यवृंद यंदा ब्रुकनरची सातवी सिंफनी वाजवणार आहे. त्यातली चार खास शिंगं वाजवायला लिंट्झहून माणसं येताहेत. अख्ख्या सिंफनीत झांजांना ठोका एकच, संथ भागाच्या अगदी शिखरावर. त्या ठोक्यासाठी मी जन्मभर थांबलो, आणि आता आमचे कंडक्टर क्रानेबिटर म्हणतात, तो गाळू या! हस्तलिखितावर म्हणे त्या जागी कुणीतरी पेन्सिलीनं ‘ग्राह्य नाही’ असं लिहिलंय. मी विचारलं, कुणीतरी म्हणजे कोण? तर म्हणाले, झांजा तुमच्या हातात, तुम्ही वकिली करणारच.

ताई, ते सूर जिना चढल्यासारखे चढत जातात. गच्ची आली म्हणावं तर आणखी पायऱ्या. शेवटी दार उघडतं आणि तिथं झांज वाजते. ती नसेल तर दार उघडूनही अंधारच की! क्रानेबिटर तुझ्याकडे पियानो शिकलेत, तुझा शब्द मोडायचे नाहीत. बघ ना जरा.

तुझा लोभ गृहीतच धरतो, रागावू नकोस.
एंगलबर्ट

व्हिएन्ना, ९ फेब्रुवारी

चि. एंगलबर्टास अनेक आशीर्वाद.

एका ठोक्यासाठी केवढं हे रडगाणं! तुझा ब्रुकनर मला कधी पचला नाही. मला आपला हायडन बरा. चार गोष्टी बोलतो, मध्येच गप्प बसून खोडी काढतो, आणि आपल्याला जांभई यायच्या आत उठतो. त्याच्यासाठी मी या वयातही कठड्याला स्कार्फ बांधून उभ्यानं ऐकायची जागा धरते. ब्रुकनरला मात्र खुर्ची लागते, आणि पाठीला उशी.

तरी क्रानेबिटरला लिहिलं, की माझ्या भावानं घरातली भांडी आपटण्यापेक्षा तिथं झांजा आपटलेल्या बऱ्या. बिचारा कबूल झालाय. मी ऐकायला येते. सौ. रोझविथाला म्हणावं, खसखशीचा केक हवा.

माया आहे म्हणूनच बोलते, हे तुला ठाऊक आहे.
ऑटिली

व्हिएन्ना, ४ मार्च

चि. एंगलबर्टास अनेक आशीर्वाद.

गाडी चुकेल म्हणून परवा न भेटताच पळाले. जागा मिळाली ती खांबाआड, त्यामुळे तू दिसला नाहीस. पण ऐकू आलास! काय ठोका मारलास रे! लख्ख उजेड पडला. मी हायडनवाली बाई, पण घळाघळा रडले. शेजारच्या गृहस्थांनी रुमाल दिला. तुझा मला फार अभिमान वाटला, आणि तुझ्या ब्रुकनरला नावं ठेवली ती सगळी परत घेतली.

अशीच आठवण ठेव, आणि केक पाठव.
ऑटिली

श्टायर, ८ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

ताई, मी झांज वाजवलीच नाही.

हात उचलून उभा होतो. व्हायोलिनं चढू लागली आणि मी वाजवणारा आहे हेच विसरलो. श्रोत्यासारखा तोंड उघडं टाकून ऐकत राहिलो. नगारे दणाणले, क्षण गेला, आणि माझे हात तसेच हवेत. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर बिअर पिताना क्रानेबिटरांनी सगळ्यांदेखत मिठी मारली. म्हणाले, शेवटी पटलं ना तुम्हाला! किती मोठं मन तुमचं! मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

ईस्टरनंतर हाच कार्यक्रम लिंट्झला आहे, आणि आता ते झांजा घरीच ठेवा म्हणतात. तुझं पत्र आलं तेव्हा मी हताश बसलो होतो. वाचून आधी पोट धरून हसलो, मग डोळे पुसले, आणि रोझविथालाही वाचून दाखवलं.

आता एवढं कर. मला लिहिलंस तेच जसंच्या तसं क्रानेबिटरांना लिही. जो ठोका कुणी वाजवला नाही तरी तुला ऐकू आला, तो तिथं असायलाच हवा, नाही का?

केक पाठवला आहे. लोभ केकइतका तरी टिकावा.
तुझा एंगलबर्ट