पेरू देशाची पूर्वतयारी

५ नोव्हेंबर १९६१. यवतमाळ.
ठरलं. परदेशी जायचं. मुंबईच्या जागतिक गिरिसेवा समितीचं पत्र आलं. दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. तिथल्या डोंगरी खेड्यांत राहून सेवा करायला स्वयंसेवक हवेत. अट एकच. आपल्याकडच्या डोंगरी वस्तीत सहा महिने सेवा केल्याचा दाखला, गावप्रमुखाच्या सहीचा.
ऑफिसात सहा महिन्यांच्या बिनपगारी रजेचा अर्ज टाकला. साहेबांनी पूर्ण न वाचताच सही केली. केवढा विश्वास!
आईला सांगितलं. ती म्हणाली, "पेरूसाठी इतक्या दूर कायले जातं रे नरू? मागच्या दारी लागलेत ना." थोरांना घरून पाठिंबा मिळत नसतोच.
कुंदा काही बोलली नाही. लग्नाला चार वर्षं झाली, पण अभिमान वाटला की तिला बोलताच येत नाही.

१३ नोव्हेंबर. पुसदच्या वरचा डोंगर.
पोचलो. एस.टी.नं पुसद, पुढे पायी. बंजाऱ्यांचा तांडा, तीसेक घरं. यांचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर हिंडले. आता शेती करतात. प्रवास कसा करावा यावर त्यांना एक व्याख्यान द्यायचं आहे.
तांड्याचे प्रमुख, म्हणजे नायक, शंकरसिंग. मिशा भारदस्त. किती दिवस राहणार, म्हणाले. सहा महिने, म्हणालो. त्यांनी माझ्या नव्या बुटांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पाहू."
संकल्प: (१) रोज पाचला उठणे. (२) यांची गोरबोली आठ दिवसांत शिकणे. (३) प्रत्येक घरामागे संडास. (४) तक्रार न करणे.

१४ नोव्हेंबर. सकाळी ९.४०.
आत्ता उठलो. डोंगरावर सूर्य वेगळ्या वेळेला उगवत असावा. पिसवा फार. ही तक्रार नाही, निरीक्षण आहे.

१७ नोव्हेंबर.
नायकांच्या घरी एक म्हातारी आहे, रामीबाई. तीच मला जेवू घालते. कामाला वाघीण, पण बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो. सगळा तांडा तिला तोंडावर 'याडी, याडी' म्हणतो. लहानथोर सगळे! आपल्याकडे वेड्या माणसाला 'येडी' म्हणतात, पण निदान पाठीमागे. मन विषण्ण झालं. मी मात्र तिच्याशी सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलतो. जेवताना "ही. भाकर. आहे." असं सांगितलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. प्रेमाची भुकेली आहे.

२४ नोव्हेंबर.
नायकांना एकीकडे घेऊन स्पष्ट बोललो. म्हटलं, याडीला नागपूरला दाखवा, हल्ली औषधं निघाली आहेत. नायक म्हणाले, "कायले? काय झालं तिले?" म्हटलं, अहो, तुम्हीच याडी म्हणता ना? ते म्हणाले, "मंग काय म्हणू? मायी माय हाय ते."
गोरबोलीत याडी म्हणजे आई.
नायकांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नसावी. संध्याकाळी सगळा तांडा हसत होता, पण तो वेगळ्या कारणानं.
भाषेत प्रगती: एक शब्द पक्का.

९ डिसेंबर.
संडास योजना सुरू. पहिला खड्डा: दीड फुटावर खडक. दुसरा: एक फुटावर खडक. तिसरा: खडकच. चौथ्याला माती लागली. उल्हासानं पाच फूट खणलं. तळहातांना फोड. रामीबाईनं हळद आणि तेल चोळलं. म्हणाली, "बापू, कोणाले पुरायचं हाय?"

११ डिसेंबर.
चौथा खड्डा नेमका पाणवठ्याच्या वाटेवर आहे, हे खणताना लक्षात आलं नव्हतं. पहाटे नायकांची वगार आत पडली. म्हशीचं पिल्लू दिसतं लहान, पण चढताना फार जड. आठ माणसं लागली. मी सूचना देत होतो. पाय मोडला नाही. नायक कुदळ घरी घेऊन गेले. तिला धार लावायची असेल.

३ जानेवारी १९६२.
अवकाळी पाऊस. चौथा खड्डा भरला. बदकं नाहीत, नाहीतर पोहली असती. वहीत संडास योजना खोडून तिथे तलाव योजना लिहिलं. शंभर टक्के यशस्वी.
कुंदाला पत्र टाकलं: "इथे माझ्यावाचून पान हलत नाही. तुझ्यासारखीला हे कष्ट झेपणार नाहीत. काळजी करू नकोस. लिंबाचं लोणचं संपलं."

१६ जानेवारी.
कुंदा आली! न कळवता. डोक्यावर वळकटी, हातात लोणच्याची बरणी, पुसदहून चालत. माझा अवतार पाहून पदर तोंडाला लावून बसली. रडत असावी. खांदे हलत होते.
दोन दिवसांत परत पाठवीन. हे जीवन तिच्यासाठी नाही.

१८ जानेवारी.
कुंदा पहाटे रामीबाईबरोबर पाण्याला गेली. परत येईतो दहा बायकांशी मैत्री. मला दोन महिन्यांत रामीबाई सोडून एकीचंही नाव कळलेलं नाही. अर्थात मी धोरणात्मक कामात होतो.

२ फेब्रुवारी.
कुंदा अजून इथेच. दुपारी बायका तिला काचोळीवर आरसे टाचायला शिकवतात, ती त्यांना अक्षरं शिकवते. गोरबोली फडाफडा बोलते. मी दुरुस्त करायला गेलो, तर बरोबर तीच निघाली.

१० फेब्रुवारी.
गंभीर. खालच्या तांड्यात देवी आल्या. एक पोर दगावलं. उद्या देवी काढणारा डॉक्टर येतोय, पण इथे सुईची भीती. हीच माझी वेळ. चार वाजता नायकांच्या अंगणात व्याख्यान दिलं. देवीच्या फोडांची चित्रं स्वतः काढली, तांबड्या शाईनं, मोठी.
साडेचार वाजता अंगण रिकामं. पावणेपाचला तांडा रिकामा. पोरांना कडेवर घेऊन सगळे रानात. विषय मनाला भिडला.

११ फेब्रुवारी.
आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.
डॉक्टर आला. घरं ओस. तो पेटी बंद करून निघाला. कुंदानं त्याला थांबवलं आणि एकटी रानात गेली. तासाभरानं बायका तिच्यामागून आल्या, पण लांब उभ्या राहिल्या. तिथूनच जमनी ओरडली. तिचं लेकरू दोन महिन्यांचं आहे. म्हणाली, "सुई टोचली आन् लेकरू मेलं तर? तू देशील का दुसरं?"
मी उत्तर द्यायला पुढे झालो. कुंदा म्हणाली, "तुम्ही जरा बसा." मग जमनीला म्हणाली, "आधी मले टोचू दे. रात्रभर तुह्या घरी निजतो. सकाळी मी जित्ती दिसलो तर तू लेकराचं पाह्य." बाही वर केली. सुई टोचताना तिनं जमनीवरची नजर काढली नाही.
मग रामीबाई पुढे आली. म्हणाली, "मी म्हातारी, मेलो तरी चालते." तिच्यामागे नायक. त्यांच्यामागे सगळे. जमनी मात्र लेकराला उराशी धरून तशीच उभी.
नायकांच्या दंडातून रक्ताचा थेंब आलेला आठवतो. पुढचं नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी बाजेवर होतो आणि नाकाशी कांदा.

१२ फेब्रुवारी.
जमनी सकाळी स्वतः लेकरू घेऊन डॉक्टरकडे गेली. तो त्यासाठी मुक्कामाला राहिला होता. पोर रडलं, जमनी रडली, कुंदाही रडली. मी पेटी धरायचं काम केलं. पाठ करून.

२५ मार्च.
खालच्या तांड्यात आणखी तीन दगावले. आमच्यात एकही नाही. होळीला बायकांनी कुंदाला मध्ये घेऊन फेर धरला. तिच्या अंगावर आरशांची काचोळी. क्षणभर ओळखलंच नाही. ओळख करून घ्यावी असं वाटलं.

१३ मे.
दाखल्याचा दिवस. नायक अंगठा देतात, म्हणून त्यांनी सांगितलं आणि कुंदानं लिहिलं. मी मजकूर सुचवणार होतो. नायक म्हणाले, "आंगठा माया, तं बोल बी मायेच." दाखला असा: "नरहरराव सहा महिने राह्यले. मानूस चांगला हाय. चोरी नाही, दारू नाही. खड्डे केले ते आमी बुजवले. आता तिखट खाते. त्यायच्या घरवालीनं आमची लेकरं वाचवली. तिले आमी जाऊ देनार नाही."
शैली जरा साधी. पण 'माणूस चांगला' हे आलं आहे. पाठवला.

२८ मे.
समितीचं पत्र! पाकिटावर 'सौ. कुंदाताई' असं टाईप केलेलं. टायपिस्टची चूक. फोडलं. चूक नव्हती. समितीला सौ. कुंदाताईंना पेरूला पाठवण्यात आनंद वाटेल. श्री. नरहर यांच्या अर्जाबाबत तूर्त काही कळवायचं नाही.
कुंदाला वाचून दाखवलं. ती जमनीच्या लेकराला न्हाऊ घालत होती. म्हणाली, विहिरीचा अर्ज ब्लॉक ऑफिसात पडलाय, बायकांची बाराखडी अर्धी राहिलीये, आत्ता कुठे जाऊ? नाही म्हणून कळवा.
म्हटलं, कुंदा, पेरू! परदेश!
ती हसली. म्हणाली, "मग तुम्ही जाऊन या ना."
मी पत्र पुन्हा वाचलं. दोन्ही बाजूंनी.

३० मे.
ऑफिसचं कार्ड: आपण नसताना कामात खोळंबा झाला नाही, रजा हवी तेवढी वाढवावी.
नायकांना विचारलं, मी इथे काही काम करू शकेन का? त्यांनी पुष्कळ विचार केला. रामीबाईला विचारलं. तीही विचारात पडली. शेवटी म्हणाली, "शेळ्या ने, बापू."

३१ मे. संध्याकाळी ६.१५.
नेल्या. चौदा होत्या, चौदाही आल्या. मी त्यांच्या मागेमागे आलो. वाट त्यांनाच माहीत होती.