लेंड्यांच्या पाण्यावरचा पालक

१४ नोव्हें.
नागभीडले मावशीकडे दोन दिवसांसाठी आलो होतो, आठवडा झाला. मावसभाऊ दिनूच्या अंगणात आज पुन्हा पाहणारे आले. पाइपाले भोकं, भोकात राइस मिलचा जळका कोंडा, त्यात पालक. माती चिमूटभर नाई. खत म्हणून शेळीच्या लेंड्यांचं पाणी. पाइपची गोष्ट हैद्राबादच्या नर्सरीतून मीच आणली. तिथी बाटलीतलं औषध टाकत, लेंड्यांचं डोकं दिनूचं, मान्य. पण पहिले कोण बोललं हे कोणी इचारत नाई.
मावशीच्या काळ्या शेळीचा एक कान फाटका हाय. कशानं, इचारावं.

१६ नोव्हें.
लेंड्या ड्रमात भिजतात, मच्छीच्या टाकीची मोटर त्यात रात्रंदिन हवा सोडते. हवेवर जगणारे जंतू पाण्याले पचवतात. पचलं की घाण जाते. दिनू म्हणते 'वास मेला'. वास मेल्याबिगर पाणी पाइपात टाकलं तर मुळं जळतात.
गुरुवारी धानोऱ्याच्या बचत गटाच्या बाया येऊन राह्यल्या. पसंत पडलं तर एकाले तिकडे नेतील, गावोगाव शिकवायले. जंगलातली गावं अन् पगारी फिरणं! हे माझं काम हाय. दिनू तर बाजाराच्या पलीकडे गेला नाई कधी. मावशीले म्हटलं तर हसली. "बाबू, तुह्या हातचं रोप कुठी उभं राह्यलं आजवर?"
बरोबर हाय म्हणा. पण हसायचं काऊन?

१८ नोव्हें.
दिनू सर्दीची गोळी आणायले गेला, तिथून बिया घ्यायले. ड्रम माझ्यावर. सॉकेट एकच. मोबाइल बंद पडलेला. मोटरची पिन काढली, चार्जर लावला. अर्धा तास, म्हटलं. मग स्टेशनकडे रुळाचं काम चालू हाय ते पाहायले गेलो, तिथी चहा, तिथी एक ओळखीचा...
परत आलो तं दिवस मावळलेला. ड्रमातून सडक्या अंड्यासारखा वास. मोटर लावून दिली. कोणाले बोललो नाई.
इसरलो होतो. खरंच. बहुतेक.

१९ नोव्हें.
मोटर चालू, वास तसाच. दिनूचं नाक बंद. मावशीचं तपकिरीनं कधीच गेलं. सांजच्याले दिनू मगात ड्रमातलं पाणी घेऊन माझ्याकडेच आला.
"भाऊ, सुंग ना. मेला का वास? उद्या बाया यायच्या आधी पाइपात सोडतो."
सुंगलं, तसाच सडका. "मेला," म्हटलं.
तो खूश. म्हणे, "बायांले सांगणार हाय मी, पाइप पहिले भाऊनंच दाखवले. तुले बी न्या म्हणतो."
हे काल सांगितलं असतं तं.

२० नोव्हें., सकाळ
बाया स्टँडवर उतरल्या, फोन आला. पालक इथून दिसते, तळहाताएवढी पानं. माझ्यानं अशी एक पेंडी झाली नाई कधी.
सांगितलं तं धानोरा माझं गेलं. नाई सांगितलं तं त्याचं, अन् वरून पालक बी जळते.
दिनूनं बादली भरली. हाक मारते हाय, "भाऊ, ये ना, पाइपाचं झाकण उघडून धर."
आलो म्हटलं. अजून इथीच बसलो हाय.