आम्ही व्हेरिएबलला जात विचारत नाही

१२ मे १९९४
उदयसिंहरावांच्या ट्रस्टच्या परीक्षेची मेरिट लिस्ट यंदा कॉम्प्युटरवर. काम मला! पहिल्या नंबराला पुण्यात अकरावी-बारावी, हॉस्टेलसकट फुकट. सीट एकच.
माझ्या क्लासात शिकवणारी चारुता म्हणाली, सर, प्रत्येक व्हेरिएबलचा, म्हणजे माहिती ठेवायच्या प्रत्येक डब्याचा, टाइप आधी सांगून ठेवा. आकडा की अक्षरं. मी म्हटलं, ही नवी प्रोग्रामिंगची भाषा विचारत नाही, मग मी कशाला विचारू? व्हेरिएबलला जात विचारणाऱ्यांतला मी नव्हे.
वाक्य चांगलं जमलं. बोर्डावर लिहून ठेवलं.

१५ मे, दुपारी ४
प्रोग्राम तयार. जेवण ते चहा, एवढ्या वेळात! जुन्या कडक भाषेत आठवडा गेला असता. एक मुलगा गैरहजर होता, त्याच्या मार्कांच्या जागी AB टाकलं. मशीननं निमूट घेतलं. चारुतालाही कबूल करावं लागलं की ही सोय झकास आहे.
मग लगेच म्हणाली, पण क्रम लावण्याआधी मार्क म्हणजे आकडे आहेत, हे मशीनला सांगा. जळते.

१९ मे
टेस्टिंग. पाच नावं, ४२ पासून ८१ पर्यंत. क्रम अचूक. चारुता म्हणे, एक शंभर टाकून बघा. मी म्हटलं, उरण-पनवेलच्या पोरांना शंभर? हसलो. ती हसली नाही. विनोदबुद्धी कमी.

२३ मे
लिस्ट लागली. कुणाला लाज वाटू नये म्हणून मार्क छापले नाहीत, फक्त नंबर. (कल्पना माझी.) पहिला सत्यजीत, उदयसिंहरावांचा पुतण्या. ते म्हणाले, अहो, हा परीक्षेच्या दिवशी महाबळेश्वरला होता ना? मग स्वतःच म्हणाले, नसेल गेला. कॉम्प्युटरपुढे आपण काय बोलणार!
सत्कार झाला. शाल, नारळ.

२४ मे
उरणहून बुधाजी नावाचा कोळी आला होता. मुलगी दमयंती, नंबर शेवटचा. म्हणाला, "पोरीचा एक पन सवाल चुकला नाय, मास्तर बोलले." मी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि नीट समजावलं की मास्तर माणूस आहे, मशीन चुकत नाही. हात जोडून गेला. गरिबांशी बोलायची हातोटी आहे मला.

२ जून
चारुतानं मूळ कागद काढले. दमयंतीला शंभरपैकी शंभर.
म्हणाली, मशीननं आकडे वाचलेच नाहीत, शब्द वाचले. डिक्शनरीसारखे, पहिलं अक्षर बघून. १ नं सुरू होणारा शब्द तळाला. अक्षरं आकड्यांच्याही वर, म्हणून AB सगळ्यांच्या वर. सत्यजीत गैरहजर होता, म्हणून पहिला आला.
उद्या सकाळी ट्रस्टकडे जाऊन सगळं सांगायचं. ठाम.

३ जून
उदयसिंहराव बिझी असणार. नकोच.

९ जून
सत्यजीत पुण्याला गेला. आता सांगून उपयोग काय? शिवाय चूक भाषेची. अमेरिकेतल्या लोकांची.
चारुतानं नोकरी सोडली. जाताना ट्रस्टला सांगून गेली. उदयसिंहराव तिला म्हणाले, बाई, कॉम्प्युटरचा निर्णय अंतिम. मोठा माणूस.

२६ जून, रविवार
मन खात होतं, म्हणून शेवटी उरणला गेलो. दमयंती शेडमध्ये बायकांच्या रांगेत कोळंबी सोलत होती. मी म्हटलं, लिस्ट चुकली होती, तू पहिली होतीस.
"मला ठाव हाय," म्हणाली. हात थांबले नाहीत. "सीट परत मिळंल?"
नाही म्हटलं.
"मग बाबांना सांगू नका. पोरगीच ढ हाय, असं समजून ते गप झालेत."
बरं वाटलं. दोघांच्या सोयीचं होतं. उठणार, तेवढ्यात तिनं विचारलं, कॉम्प्युटर शिकायला किती दिवस लागतात? उत्साहानं सांगितलं, सहा महिने.
"तुमाला किती लागले?"
रांगेतल्या बायका हसल्या. ती हसली नाही. खरंच विचारत होती.
पाच वर्षं झाली, हे सांगितलं नाही. एसटी पकडायची होती.