न तपासता पास केलेला माल

ता. ४ जानेवारी, रविवार

प्रिय ताई,

पाया पडते, दुखऱ्या गुडघ्यांना धक्का न लावता. तू बरी असशील असं लिहायची पद्धत आहे, पण तू बरी नाहीस हे मला माहीत आहे, तेव्हा ते राहू दे. आम्ही ठीक.

भाच्याने फोनवर तुझा निरोप दिला. म्हणे, धाकटी आली तरच मी गुडघ्याला हात लावू देईन. ताई, हा काय हट्ट? ऑपरेशन करणार डॉक्टर. मी काय तिथे कात्री धरून उभी राहणार आहे? आणि मला आत्ता निघताच येत नाही. कारखान्यात शर्टांची मोठी ऑर्डर आलीय. सुट्टीचं नाव काढलं की सुपरवायझर डोळे वटारतो. त्यातून आमच्या ह्यांची कंबर धरलीय. आणि मांजर व्यालीय. पिल्लं टाकून कशी येऊ?

मागे निघाले होते तेव्हा बस चुकली, ते तुला सांगितलंच आहे.

पायात मोजे घालत जा. जिना उतरताना कठडा धर. पुढच्या वेळी नक्की येते.

तुझी धाकटी


ता. २२ फेब्रुवारी, रविवार

ताई,

आम्हाला मांजर नाही.

कधीच नव्हतं. ह्यांची कंबर माझ्यापेक्षा धड आहे. ऑर्डर आली होती, पण सुट्टी मिळाली असती. मी मागितलीच नाही. सुपरवायझर बिचारा डोळे वटारत नाही, त्याचे डोळेच तसे आहेत. हे फोनवर सांगणार होते, पण माझं तोंड माझ्या आधी पळतं. एक मांजर लपवायला दुसरं आणलं असतं. कागदावर माझा हात हळू चालतो. चौथी शिकलेल्या बाईचा हात, खोटं रचायला त्यात दम नाही. म्हणून लिहितेय.

तू ऑपरेशन पुढे ढकललंस आणि आता सहा मार्चची तारीख मिळालीय, तरी तुझी का-कू चाललीय, हे भाच्याकडून कळलं. वर म्हणाला, "मावशी, आईने आता तुझा विषय सोडलाय." ते फार लागलं मला. लागायलाच हवं होतं.

तर ऐक. मागे तुझ्याकडे निघाले तेव्हा बस चुकली नव्हती. बसमध्ये चांगली खिडकीत बसले होते, तुझ्यासाठी घेतलेली शाल पिशवीत. मोठ्या पुलाच्या मध्यावर गाड्या तुंबल्या आणि बस उभी राहिली. पुढे गाड्या, मागे गाड्या, खाली पाणी. एकदम छातीत धडधडायला लागलं. घसा आवळला, बोटांना मुंग्या आल्या. मनात आलं, हार्ट गेलं, संपला खेळ. मी ओरडले, "दार उघडा, मी मरतेय!" ड्रायव्हरच आधी मरतो की काय असा पांढरा पडला. उतरले आणि सगळा पूल चालत मागे आले. शाल बसबरोबर गेली. कोणीतरी तुझ्याऐवजी उबेत बसलंय.

डॉक्टरने तपासलं, छातीला वायरी लावून ठोक्यांची कागदी पट्टी काढली, म्हणाला, "हृदय ठणठणीत आहे." मी म्हटलं, तुमचं यंत्र बिघडलंय. तेव्हापासून बस बंद, लिफ्ट बंद, गर्दीचं दुकान बंद. आणि दिवसभर बोट मनगटावर. माझं काम तुला माहीत आहे. शिवून आलेला शर्ट उलटा करायचा, शिवणीवरून बोट फिरवायचं, खोट सापडली की तिथे लाल बाण चिकटवायचा. माझ्या बोटाखालून खोट सुटत नाही, सगळे शिंपी मला शिव्या देतात. तेच बोट मी नाडीवर ठेवून बसले. अगं, चांगला शर्टसुद्धा दिवसभर उलटासुलटा केला तर कुठेतरी दोरा निघतोच! एखादा ठोका मागेपुढे झाला की मी घामाघूम.

शेवटी डॉक्टरने त्याच दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाई कसली, पोरगी आहे. गेल्या गेल्या मी सांगून टाकलं, "मी वेडी नाही." म्हणाली, "बरं झालं, एक काम कमी." मग विचारते,

"कारखान्याचा जिना चढल्यावर धडधडतं का?"

"धडधडतं की."

"तेव्हा मनात काय येतं?"

"वय झालं."

"आणि बसमध्ये धडधडलं की?"

"मेले."

असं कोणी आपल्याच तोंडून आपल्याला पकडलं की मला राग येतो.

मग तिने समजावलं. धडधड खरी. पण 'मेले' हे काही धडधड सांगत नाही, तो अर्थ तुम्ही लावता. त्या अर्थाने भीती वाटते, भीतीने धडधड वाढते, आणि वाढली की तुम्ही म्हणता, बघा, खरंच चालले मी. मला ते पटलं नाही. बोलून कोणी मला काही पटवलंय असं झालंय का कधी? तिनेही ते ओळखलं असावं. माझ्या हृदयाला धोका नाही ना, हे डॉक्टरला विचारून झालं होतं, तेव्हा तिने मला खुर्चीत बसवलं आणि तोंडाने भराभर श्वास घ्यायला लावला. स्वतःही घ्यायला लागली. दोघी समोरासमोर बसून कुत्र्यासारख्या धापा टाकतोय! थोड्या वेळाने बोटांना मुंग्या, डोकं गरगर, घसा आवळलेला. हुबेहूब पूल, ताई! आणि मी कुठे, तर दवाखान्याच्या मागच्या खोलीत, डोक्यावर पंखा, दाराबाहेर कोणीतरी नंबरावरून भांडतंय. श्वास सावकाश केला तसं सगळं ओसरलं.

घरी जाताना स्वतःवर इतकी चिडले की रस्त्यात मोठ्याने बोलत होते. दुसऱ्याने शिवलेली बाही मी बघितल्याशिवाय पुढे सोडत नाही, आणि माझ्याच डोक्यातून निघालेला माल न तपासता पास? डोक्यात आलं म्हणून ते खरं, हा कुठला कायदा?

त्यानंतर तिने बस लावली मागे. आधी सांगायचं काय होणार, मग चढायचं, मग बघायचं काय झालं. पहिल्यांदा चढले तेव्हा कंडक्टर म्हणाला, "मावशी, जागा आहे, बसा."

"बसायला नाही, मरायला आलेय."

"मग आधी तिकीट काढा."

सगळी बस हसली. मला हसू आलं नाही, पुढच्याच थांब्यावर उतरले. पुन्हा गेले, पुन्हा मधेच उतरले. पोरीला जाऊन सांगितलं, नाही जमत, सोड माझा नाद. ती म्हणाली, "उतरला नसतात तर काय झालं असतं, हे कळायचं राहूनच जातंय." ते मात्र आतपर्यंत गेलं. मी दर वेळी उतरत होते, आणि उतरले म्हणून वाचले असं धरून चालले होते. न उतरता बघितलंच नव्हतं कधी.

मग नाही उतरले. धडधडली छाती, धडधडू दिली. पाण्याची बाटली, हुंगायला लिंबू, दाराजवळची सीट, मुठीतला फोन, एकेक करून सगळं सोडलं. रडलेसुद्धा. बसमध्ये रडणाऱ्या बाईला बसायला ऐसपैस जागा मिळते, हे तुला सांगून ठेवते.

पूल अजून ओलांडलेला नाही. तो तुझ्याकडे येतानाच ओलांडणार. गुरुवारी, पाच तारखेला, सकाळच्या बसने निघते. डोकं आत्ताच म्हणतंय, बस पुलावर थांबणार आणि तू मरणार. थांबेलही. घसा आवळेल, दरदरून घाम येईल, शेजारणीचा हात धरावासा वाटेल. माझं म्हणणं असं की हे सगळं होईल आणि बस पुढे जाईल. बघू कोणाचं खरं होतं ते. भाच्याला थांब्यावर पाठवू नकोस. कोणी न्यायला येणार होतं म्हणून पोचले, असं मला नंतर वाटायला नको.

आणखी एक. भाच्याच्या त्या फोननंतर मी ठरवून टाकलं होतं की ताई आता माझं तोंडही बघणार नाही. तेही तपासलेलं नाही. बघायचं नसेल तर दारात तोंडावर सांग, मी बाहेर पायरीवर बसते. परत जाणार नाही.

आणि मला वाटतं तुझी का-कू माझ्यावरच्या रागाची नाही, तू ऑपरेशनलाच घाबरतेयस. हा माझा अंदाज, चुकला असेल तर सांग. पण 'यातून मी उठणारच नाही, कायमची पलंगाला खिळणार' असलं काही डोक्यात घेऊन बसली असशील, तर तसंच गिळू नकोस. मी येईपर्यंत बाजूला ठेव. डॉक्टरला काय काय विचारायचं ते दोघी बसून ठरवू. तू लाजशील, मी विचारीन. मला लाज नाही, तुला माहीत आहे.

पत्र आत्ताच पेटीत टाकतेय. एकदा टाकलं की मागे फिरायला मला तोंड उरणार नाही, म्हणूनच टाकतेय. तारीख पुन्हा पुढे ढकललीस तर माझ्याशी गाठ आहे.

शुक्रवारी तुला शुद्ध येईल तेव्हा उशाशी बसलेली,
तुझ्या पाठची