काकांनी आणलेला रिपोर्ट

४ मार्च

चि. डॉक्टरीणबाईंस, अ. आ.

जबडा सुजून भोपळा झालाय, पण गाठ काढून तू बुजवलेली जागा शांत आहे. माझ्याच हातातलं रक्त काढून यंत्रात गरगरा फिरवलंस आणि त्यातली सायीसारखी जेली हाडाच्या पोकळीत भरलीस. हाड वाढवणारा माल त्यातच असतो म्हणे. काकू म्हणते, या माणसाला ठिगळसुद्धा स्वतःचंच लागतं.

गाठीचा रिपोर्ट येऊ दे, मग भरू, असं तू म्हणत होतीस. मीच खुर्ची सोडेना. आपल्या वर्कशॉपात उघडलेला पंप त्याच दिवशी जोडून बंद करतात, हे ऐकवलं आणि तू हसून हार मानलीस. तुला आता सातवा. आडवं राहायला सांगितलंय, तर राहा. रिपोर्ट मी आणतो.

लोभ आहे, तो गोळ्यांबरोबर वेळेवर घ्यावा.

तुझा काका

२० एप्रिल

ती. काकांस शि. सा. न.

एक्स-रे पाहिला. एका बाजूने हाड धरतंय, पण दुसरी कडा काळपट दिसते. रिपोर्ट चांगला आहे असं तुम्ही फोनवर सांगता, कागद मात्र पाठवत नाही. काकूला विचारलं की ती गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवते. रोज? पलंगावरून उठायची बंदी नसती तर मीच येऊन थडकले असते. कागद पाठवा.

रागवा हवं तर, पण माया पातळ करू नका.

तुमची पुतणी

२३ मे

चि. बाईंस, तुला आणि बाळीला अ. आ.

सुखरूप सुटलीस, आता सांगतो. रिपोर्ट मार्चातच आला होता. तीस वर्षं पंपाचं दुखणं आवाजावरून ओळखतोय; लॅबवाला बसा म्हणाला, तेव्हाच त्याचा आवाज उतरलेला होता. गाठीत कॅन्सर निघाला. तुझी आधीची दोन पोटातच गेलेली मी पाहिलीत. तिसऱ्याला माझ्या बातमीची झळ नको, म्हणून खोटं बोललो. काकूलाही गप्प बसवलं.

जेलीने त्या दुखण्यालाही खतपाणी घातलं का, हे तुझ्या मनात येणारच. मोठ्या सर्जनना विचारलं. छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही, म्हणाले. मार्चातच त्यांच्याकडे गेलो असतो तर थोडक्यात भागलं असतं, एवढं मात्र नक्की. ते महिने मी घालवले, तू नाही. भरायची घाईही माझीच.

सोमवारी डावा जबडा आणि जीभ काढणार. मग बोलणं बंद. बरेच लोक सुटतील.

जीव लावलास तसाच लाव, स्वतःला बोल लावू नकोस.

तुझा काका

२६ मे

ती. काकांस शि. सा. न.

नमस्कार लिहायला हात उचलत नव्हता, तरी केला.

तुमच्या हट्टापुढे मी नाही म्हणायला हवं होतं. ते माझं आहे, माझ्याकडेच राहू द्या. पण रिपोर्ट कळला असता तर पलंगावरून फोन फिरवून त्याच आठवड्यात तुम्हाला टेबलावर झोपवलं असतं. मी तुमची डॉक्टर होते, काका. तुम्ही मला नुसती पुतणी ठेवलंत. माफ करता येईल की नाही, ठाऊक नाही.

रविवारी सकाळी बाळीला घेऊन येते. दिवसभर तिच्याशी बोला, काहीही बोला. तिला कळणार नाही, आठवणारही नाही. मी शेजारी बसून ऐकेन.

तुमचीच