कमी हजेरीची यादी

सांगली, ३ मार्च १९९४

परीक्षेला बसायला मिळणार!

आप्पांच्या आजारपणात दोन महिने आटपाडीला घरी राहिले, म्हणून कमी हजेरीच्या यादीत नाव लागलं. तेही शेवटच्या वर्षाला. यादीत चौघीच, आणि चौघीही आमच्या मागासवर्गीय वसतिगृहातल्या. हा योगायोग कसा?

मी तर सामान बांधलं होतं. आज आप्पाच काठी टेकत आले आणि थेट प्राचार्यांपुढे उभे राहिले. "आवं सायेब, पोरगी माझ्यापायी घरी ऱ्हायली. शिक्षा करायची तर मला करा."

प्राचार्यांनी दवाखान्याचे कागद वाचले, सही केली. एवढंच? मग आधी कुणी सांगितलं का नाही? की मीच विचारायला घाबरले?

एसटीत चढताना आप्पा म्हणाले, "लय वाळलीस. नीट जेव." चार दिवसांनी आज मी पोटभर जेवले.

यादीतल्या बाकी तिघी मात्र गावी निघून गेल्यात. सुनंदा आईबरोबर ऊसतोडीला गेली होती, म्हणून तिची हजेरी बुडाली. तिचा पत्ता आहे माझ्याकडे. आत्ताच कार्ड लिहिते: प्राचार्य ऐकून घेतात. आईला घेऊन ये, नाहीतर एकटी ये, पण ये.