पायरीवरचं पान

६ नोव्हेंबर १९९४, रविवार

आलो एकदाचे! टेम्पोतून सामान उतरलं, एक कपबशी सोडली तर काही फुटलं नाही. संपदानं स्टोव्ह पेटवून चहा केला आणि मी खिडकीत डायरी उघडून बसलोय. वर्ष संपत आलं असताना डायरी सुरू करणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला म्हणे. बघ म्हटलं, नीट बघून घे.

करियनकट्टे हे तळं होसकोटेच्या पुढे, बसथांब्यापासून बरंच आत. तळं कसलं, समुद्राचं धाकटं भावंडच. पलीकडचा काठ धुक्यात गेलेला. हंबीररावांनी मासेमारीसाठी ते सरकारकडून कराराने घेतलंय आणि माझ्यासारखा सांगलीचा मत्स्यशेतीचा डिप्लोमावाला व्यवस्थापक म्हणून आणलाय. आम्हाला दोन खोल्यांचं घर दिलंय, अगदी घाटाच्या पायऱ्यांना लागून. खिडकीतून सगळा घाट दिसतो. संपदाला पाचवा महिना आहे. डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितली होती, ती इथे पोतंभर आहे. तिचा भाऊ प्रणीत जवळच शहरात, कोरमंगलात नोकरीला, तेव्हा अगदीच परक्या मुलखात आलोय असंही नाही.

हंबीरराव मला आल्या आल्या गुंडोअण्णा म्हणायला लागले. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. मराठी बोलतात, पण निम्मं कन्नड. त्यांची विधवा बहीण जमनाबाई सगळं घर चालवते. तिनं संपदाला पोटाशी धरलं, पाठीवरून हात फिरवला. मला मात्र नखशिखांत न्याहाळलं.

तळ्यात एक मगर आहे, हे हंबीररावांनी घरातल्या वडीलधाऱ्याची ओळख करून द्यावी तसं सांगितलं. तिला ते अज्जा म्हणतात, म्हणजे आजोबा. मी हसलो. आमच्या कृष्णेत असले आजोबा ढिगाने आहेत म्हटलं.

९ नोव्हेंबर, बुधवार

आज जे पाहिलं ते लिहून ठेवायलाच हवं, नाहीतर सांगलीत कुणी विश्वास ठेवणार नाही.

ऊन उतरलं की जमनाबाई केळीच्या पानावर पहिल्या जाळ्यातला मोठा मासा घेऊन घाट उतरते. पाण्यालगतच्या शेवटच्या पायरीवर पान मांडते, बाजूला मीठसुद्धा वाढते आणि मग पितळी ताट पळीनं वाजवत उलट्या पावलांनी वर येते. थोड्या वेळानं पाण्यावर एक रेघ उमटते. रेघेच्या टोकाला दोन डोळे आणि नाकाचा उंचवटा, बाकी काही नाही. मग एकदम ते धूड अर्धं वर येतं, मान वाकडी करून मासा पानासकट उचलतं आणि जातं. चांगलं बैलगाडीएवढं आहे. संपदानं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठलाय.

याला हे लोक पान वाढणं म्हणतात. कैक पिढ्या चाललंय. त्याच घाटावर बाया धुणं धुतात, कोळी मासे साफ करून आतडी पाण्यात लोटतात. बुद्धी गहाण टाकली आहे सगळ्यांनी!

१३ नोव्हेंबर, रविवार

आज सगळ्यांना गोळा करून सुनावलं. मगरीला खाऊ घालणं म्हणजे तिला माणूस आणि अन्न एकच आहे असं शिकवणं. आतडी काठावर टाकायची नाहीत, लांब खड्ड्यात पुरायची. पाण्याच्या कडेशी उकिडवं बसायचं नाही, कारण बसलेला माणूस तिला बकरीएवढाच दिसतो. रोज एकाच जागी, एकाच वेळी जाल तर ती तिथेच दबा धरेल. ऊन कलल्यावर तर पाण्याकडे फिरकायचंच नाही. ती दिसत नाही याचा अर्थ ती नाही असा होत नसतो. कन्नडमध्ये फळाही लावला.

कोळ्यांनी माना डोलावल्या आणि जाऊन त्याच पायरीवर मासे चिरायला बसले. हंबीरराव म्हणाले, आमचं घर पहिल्यापास्नं पान वाढतंय की अण्णा, तुमी स्वल्प गप बसा, सरी? (सरी म्हणजे बरं का.) मी गप बसलो नाही. करारात व्यवस्थापक मी आहे आणि माणूस मेला तर जबाब मला द्यावा लागणार. बोलाचाली चांगलीच झाली. आता नळावर संपदाशी कुणी बोलत नाही म्हणे. न बोलू देत.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

आज डोकं सटकलं.

मी समोर उभा असताना जमनाबाई पान घेऊन उतरली. जणू मी तिथला खांबच. पान मांडून ती ताट वाजवायला लागली, तसा मी उतरलो आणि पान पायानंच पाण्यात लोटून दिलं. लाथच ती. मासा गेला, मीठ विरघळलं, पान तरंगत राहिलं.

धुणं टाकून बाया उभ्या राहिल्या. संपदाच्या डोळ्यात पाणी आलं. अन्नाला पाय लावलास, आईनं हेच शिकवलं का, म्हणाली. जमनाबाई चिडली नाही. अगदी हळू म्हणाली, पानाला पाय लावला, आता पान तुमच्याच घरचं. आमच्या घराचं सुटलं.

सुटलं तर बरंच झालं. उद्यापासून पान बंद.

२० नोव्हेंबर, रविवार

पान बंद नाही. शेवटच्या पायरीवर आता कुणी ठेवत नाही, पण आज घाटाच्या मधल्या पायरीवर केळीच्या पानाची फाटकी चिंधी आणि खवले सापडले. दगडावर ओलं फरफटल्याची खूण. ती पायरी पाण्यापासून बरीच वर आहे.

मी खवले धुऊन टाकले. संपदाला सांगितलं नाही.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

आज खूण सगळ्यात वरच्या पायरीवर.

मी हंबीररावांच्या घरी गेलो आणि थेट विचारलं. ते टाळत होते, शेवटी बोलले. पान वाढायचं काम बायकांचं, त्यात पुरुष पडत नाहीत. मग त्यांनी जुनी गोष्ट सांगितली. एका वर्षी जाळ्यात मासाच लागेना. पान रिकामं मांडलं गेलं. त्या आठवड्यात जमनाबाईची सून अज्जानं पायरीवरून नेली. तरणीताठी, पोटुशी. तेव्हापासून पान कधी चुकलेलं नाही. एखाद्या घरानं पान मोडलं तर ते त्याच्या उंबऱ्याशी नेऊन पोचवायचं, म्हणजे देणारं घर बदलतं, अशी त्यांच्यात रीत आहे म्हणे.

उंबऱ्याशी नेऊन म्हणजे माझ्या. रोज एकेक टप्पा वर. बाई त्या जनावराला माझं घर दाखवते आहे!

मी जमनाबाईला सर्वांदेखत वाटेल ते बोललो. तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, संपदाला कितवा लागला?

२४ नोव्हेंबर, गुरुवार

पान आमच्या अंगणात. तुळशीच्या कुंडीपाशी. कुंडी आडवी पडलेली, माती सांडलेली, मातीत पंजाचे ठसे. नखं स्पष्ट.

वनखात्यात जाऊन आलो. पिंजरा येत्या पंधरवड्यात आणतो म्हणाले. कोळी आज पाण्यात उतरले नाहीत. अज्जा पाण्यात नाही, वर आहे, मग घाट उतरून आम्ही कशाला मरू, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे मासेमारीही बंद.

संपदाला प्रणीतकडे जा म्हटलं. एकटी जाणार नाही म्हणते. मी नोकरी सोडून पळून जाऊ? या बाईला जिंकू देऊ?

२६ नोव्हेंबर, शनिवार

पाय सुजलाय, पडल्या पडल्या लिहितोय, अक्षर लागेल तसं लागो.

दुपारी अंगणात संपदा तांदूळ निवडत होती. मी ओट्यावर. भिंतीच्या सावलीत लाकडाचा ओंडका पडलेला दिसला. असला ओंडका आपल्याकडे नाही असं मनात येईतो तो उठला. हो, उठला, चार पायांवर, पोट जमिनीपासून वर उचलून, आणि धावला. मगरी जमिनीवर सुस्त असतात असं मीच सगळ्यांना सांगत होतो. मी संपदाला दारात ढकललं आणि ओट्यावरून उलटा पडलो. घोट्याच्या वर काडकन वाजलं. जबडा मिटल्याचा आवाज माझ्या तळव्याशी झाला. चपलेचा निम्मा भाग नाही.

कोळ्यांनी पेटते पलिते फेकले तेव्हा ते परत गेलं. सावकाश. घाईची काही गरजच नसल्यासारखं.

२८ नोव्हेंबर, सोमवार

होसकोटेच्या दवाखान्यातून परत. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. संपदानं तिथूनच प्रणीतला फोन केला. तो रविवारी गाडी घेऊन येतो, तोवर त्याला रजा नाही. ठरलं, जायचं. नोकरी गेली खड्ड्यात.

घरी आलो तर जमनाबाई आमच्या चुलीशी. मऊ भात, मेतकूट, तूप. चालती हो म्हटलं. संपदा माझ्यावरच उसळली. तुझ्या मस्तीपायी जीव जाता जाता वाचला, आता स्वयंपाक करणारं माणूस आलंय त्याला हाकलतोस? इथे मराठीत बोलणारी दुसरी बाई कोण आहे मला?

भात खाल्ला. पडून राहण्यापलीकडे करतोय काय मी?

३० नोव्हेंबर, बुधवार

जमनाबाई म्हणते पान जसं वर आणलं तसं खाली नेता येतं. वाढणारी मात्र याच घरची सून हवी. काल संपदानं अंगणाच्या कडेला ठेवलं, आज वरच्या पायरीवर. मी नको नको म्हणत होतो. लांब बांबूनं सरकव, पाठ फिरवू नकोस, वाकू नकोस, एवढंच पदरात पाडून घेतलं. तिनं ऐकलं. बांबूनंच सरकवलं.

आणि ते खरंच मागे हटतंय. अंगण स्वच्छ. लाज वाटते लिहायला, पण जमनाबाईबद्दल थोडं बरं वाटलं.

२ डिसेंबर, शुक्रवार

पान मधल्या पायरीवर. मासा टोपलीतला शेवटचा होता, वास मारत होता. उद्या मासा नाही.

जमनाबाईला विचारलं, उद्या काय वाढणार. म्हणाली, उद्या पान नाही, उद्या फक्त तळ्याची ओटी भरायची, नारळ, तांदूळ, खण. पोटुशीनं पाण्याची क्षमा मागायची, संपलं. संपदाला हिरवं लुगडं आणलंय तिनं. संपदा खूश. मी साफ नाही म्हटलं. संपदानं शपथ घेतली, तुला विचारल्याशिवाय पाण्याकडे जाणार नाही.

परवा प्रणीत येतोय. एकच दिवस काढायचा.

३ डिसेंबर, शनिवार

दुखण्याची गोळी दुधातून दिली होती. जमनाबाईनं. डोळे उघडत नव्हते. आत्ता उघडले, ऊन भिंतीवर चढलंय.

संपदा नाही. हाक मारली — नाही.

खुरडत दारापर्यंत गेलो. बाहेरून कडी.

खिडकी. गज आहेत. घाट दिसतोय. हिरवं लुगडं — ती शेवटच्या पायरीवर उकिडवी बसलीये. ओटी वाहून झाली, नारळ तरंगतोय. हात जोडलेले, डोळे मिटलेले. तिच्यासमोर केळीचं पान आहे.

पानावर काही नाही. मीठ आहे. फक्त मीठ.

ओरडतोय. गोळीनं जीभ जड, आवाज फुटत नाही. जमनाबाई उलट्या पावलांनी वर येतेय, हातात ताट — वाजवायला लागली. हंबीरराव वर उभे आहेत, तोंड फिरवून. कोळीही. सगळे आहेत. कुणीच हलत नाही.

जो कुणी वाचेल त्यानं हे वाचावं, ती आपण होऊन गेली नाही — तिला क्षमा मागायची आहे असं सांगून बसवलंय — ती माझ्यासाठी बसलीये, मी लाथ मारली म्हणून —

तांब्या फेकला. पायऱ्यांवर वाजला. तिनं डोळे उघडले, इकडे बघितलं, हसली. झालंच, अशी हातानं खूण केली.

पुढे बघ. माझ्याकडे नको. रेघ — पाण्यावर रेघ नाही, म्हणजे ते लांब नाही, पायरीशीच — संपदा ऊठ, नारळ हलला, ऊठ, मागे स